‘वजन कमी करा’ म्हणजे नेमकं काय करा?

आमच्या गटातल्या एक मावशी गेल्या पावसाळ्यात तीन वेळा दवाखान्यात जाऊन आल्या. वय शेहेचाळीस, चार घरी पोळ्या करतात, वजन एक्याऐंशी किलो. तक्रार अशी, की जिना चढताना धाप लागते, डोकं हलकं होतं, संध्याकाळी पाय उचलत नाहीत. तिन्ही वेळा केसपेपरवर एकच ओळ लिहून मिळाली : वजन कमी करा. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, भात खाता का? मावशी म्हणाल्या, खाते. झालं, निदान सापडलं!

चौथ्या वेळी मी सोबत गेले आणि हट्ट धरून रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन निघालं ६.८. वर्षभर पाळीच्या वेळी आठ-आठ दिवस भरपूर रक्त जात होतं. ते त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कशा? समोर मुलाच्या वयाचा डॉक्टर, मागे चाळीसजणींची रांग, आणि बोलण्याचा विषय काय, तर तुम्ही किती खाता.

एवढ्या अंगाच्या बाईच्या अंगात रक्त नसेल, हे कोणाच्या मनातच आलं नाही. आपल्याकडे जाड बाई म्हणजे खाऊनपिऊन सुखी बाई. डॉक्टरांना असं वाटलं, घरच्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही इतके महिने तसंच वाटत होतं. समाजकार्याची पदवी घेताना कुपोषणावर मी भरपूर वाचलं होतं. पण डोळ्यांसमोर येणारी कुपोषित बाई नेहमी काटकुळीच असायची.

आकडे वेगळंच सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्के जणींचं वजन जास्त होतं आणि १८.७ टक्के जणींचं कमी. रक्तक्षय मात्र ५७ टक्के जणींना होता. साधी वजाबाकी करून पाहा. कमी वजनाच्या सगळ्याजणींना रक्तक्षय आहे असं धरलं, तरी ३८ टक्के बायका अशा उरतात, की ज्या काटकुळ्या नाहीत आणि तरी त्यांच्या अंगात रक्त नाही. जाडी आणि उपासमार एकाच घरात, एकाच शरीरात नांदतात. ‘कमी खा’ एवढ्या सल्ल्याने अशा बाईचं काय व्हायचं?

दुसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या चुकीची आहे.

दोन वर्षांपूर्वी गटाच्या बैठकीत एकीने वजनाचा विषय काढला. गुडघे दुखतात, साखर बॉर्डरवर आहे, वजन कसं उतरवायचं ते सांगा. मी आणि आमची एक तरुण कार्यकर्ती, आम्ही दोघींनी तो विषय जवळजवळ दाबलाच. बाईच्या शरीराची मापं कोण ठरवतं, सौंदर्याच्या कल्पना बाजार कसा विकतो, ‘जाडी’ म्हणून हिणवणं हीसुद्धा हिंसाच कशी, असं सगळं आम्ही भरभरून बोललो. बोललो त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. शेवटी ती बाई शांतपणे म्हणाली, “ताई, तुमचं सगळं पटतं मला. पण माझ्या गुडघ्याला भाषण कळत नाही.”

त्यानंतर ती आमच्याकडे काही विचारायला आली नाही. सहा महिन्यांनी बचत गटाचे हिशेब पाहताना समजलं, की मुलाच्या फीसाठी म्हणून घेतलेलं कर्ज तिने पावडरच्या डब्यांवर घातलं होतं. शेजारच्या इमारतीत सकाळी सकाळी एक ‘क्लब’ भरतो. तिथे वजन करतात, टाळ्या वाजवतात, शेक पाजतात आणि डबा विकतात. पुढे तुम्हीही विका म्हणतात. तिथे तिला कोणी भाषण दिलं नाही. तिच्या गुडघ्याबद्दल विचारलं. रोज हजेरी घेतली. चार किलो उतरल्यावर सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. डबे बंद झाले आणि पाच किलो परत आले. कर्ज आहे तसंच आहे.

तेव्हापासून मला वाटू लागलंय, की या विषयावर आपण चळवळीतल्या बायकांनी जागा मोकळी सोडली आणि बाजाराने ती घेतली. सौंदर्याचा जुलूम आणि शरीराचा आजार हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते एकाच बाईच्या अंगावर येऊन बसतात म्हणून आपण ते एकच समजतो. पहिल्याशी लढता लढता दुसऱ्यावरच्या उपचारांची मागणी करायचं आपल्याकडून राहून गेलं. जाड बाईला टोमण्यांपासून मुक्ती हवी आणि तिच्या गुडघ्यावर, साखरेवर, धापेवर नीट उपचारही हवेत. दोन्ही मागण्या आपल्याच आहेत.

उपचार म्हटले, की आधी मोजमाप आलं. वजन किलोत आणि उंची मीटरमध्ये घेऊन काढतात तो बॉडी मास इंडेक्स सगळ्यांना ठाऊक आहे. जागतिक मोजपट्टीवर तो २५ च्या वर गेला, की जास्त वजन. भारतीयांसाठी डॉक्टरांनी २००९ मध्येच ही रेघ खाली आणली : २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. पाच फूट उंचीच्या बाईचं वजन अठ्ठावन्न किलोच्या आसपास गेलं, की तिचा आकडा २५ होतो. अठ्ठावन्न किलोच्या बाईला तुम्ही-आम्ही कोणी लठ्ठ म्हणणार नाही. मग ही रेघ खाली का आणली? तर आपल्या शरीरात त्याच वजनाला चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, आणि ती चरबी पोटाभोवती साठते म्हणून.

याचं एक उदाहरण पुण्यातलंच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचा एक फोटो छापला. दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा दोघांना सारखाच म्हणत होता!

त्याच याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं वजनाला सरासरी पावणेतीन किलोही भरत नव्हती. हातापायांना, पोटातल्या अवयवांना मांस कमी, पण चरबी मात्र त्या मानाने शाबूत. म्हणजे दिसायला बारीक आणि आतून चरबीचं. पोटात असताना ज्या मुलीला पुरेसं मिळालं नाही, तिच्या शरीराने तेव्हापासूनच चरबी साठवायचं धोरण धरलेलं असतं. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारी लक्षणं अधिक दिसली, असंही २००८ मध्ये या अभ्यासातून पुढे आलं. आता सांगा, शेहेचाळीसाव्या वर्षी या बाईला ‘तोंडावर ताबा नाही’ म्हणायचं, तर तो ताबा सुटला कधी? आईच्या पोटात असताना? आईच्या पानात काय वाढलं जात होतं, हा प्रश्न मग कोणाला विचारायचा?

म्हणून कंबर मोजणं हे काट्यापेक्षा पुष्कळदा जास्त कामाचं. बाईसाठी ८० सेंटीमीटर ही सावध होण्याची रेघ आहे. त्याला शिंप्याची टेप पुरते. गंमत म्हणजे सरकारला हे माहीत आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकीचा जो फॉर्म आशाताई घरी येऊन भरतात, त्यात कंबरेचा घेर विचारलेला असतो. आमच्या वस्तीतल्या आशाताईंनी तो मोजला, लिहिला, गुण दिले. पुढे काय? पुढे काहीच नाही. फार तर दवाखान्यात जा म्हणतात, आणि दवाखान्यात ती ओळ तयार असते.

सल्ला आणि उपचार यांत किती अंतर आहे, ते कळायला एक अमेरिकन अभ्यास उपयोगी पडतो. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची तीन हजारांवर माणसं, त्यात दोन तृतीयांश बायका. त्यांच्यातल्या एका गटाला वजन सात टक्क्यांनी कमी करायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं, एवढंच उद्दिष्ट दिलं. सात टक्के म्हणजे एक्याऐंशी किलोच्या मावशींसाठी साडेपाच-सहा किलो. एवढ्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. हा आकडा सगळे सांगतात. न सांगितला जाणारा भाग असा, की त्या प्रत्येकीला स्वतंत्र मार्गदर्शक होता, सुरुवातीला सोळा पाठ होते आणि नंतरही भेटीगाठी चालू होत्या. याला उपचार म्हणतात. आपल्याकडे ही सगळी यंत्रणा तीन शब्दांत बसवली आहे.

आपल्या देशातलाही एक अभ्यास आहे आणि तो मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी तो केला, २००६ मध्ये तो छापून आला. अशाच ५३१ जणांपैकी काहींना आहारात बदल आणि रोज अर्धा तास चालणं एवढंच सांगून तीन वर्षं पाठपुरावा केला. मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं आणि वजनात मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काटा हलला नाही, पण आजार हटला. काटा हलत नाही म्हणून रडवेल्या होऊन सगळं सोडून देणाऱ्या किती बायका मी पाहिल्यात! त्यांना ही एक गोष्ट कोणी सांगितली असती, तर त्या पुढच्या महिन्यातही चालल्या असत्या. (जाता जाता : या अभ्यासातल्या पाचांपैकी चार माणसं पुरुष होती. बायकांबद्दलची माहिती एवढ्यावरच चालवून घ्यायची सवय आपल्याला आहेच.)

आता खाण्याबद्दल. इथे मी आमच्या गटात काय घडलं ते सांगते, कारण डाएटचे कागद सगळीकडे मिळतात. आम्ही आठवडाभर एकेकीने काय खाल्लं ते नुसतं बोलून घेतलं. वहीत लिहिणं जमणार नव्हतं आणि लाजही वाटली असती. सकाळी चहा, साखर दोन चमचे. कामावर दुसऱ्या घरी पुन्हा चहा, सोबत बिस्किटं किंवा रात्रीची पोळी. तिसऱ्या घरी चहा. जेवण दुपारी तीनला, कधी चारला. रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात आणि आमटीचं पाणी. डाळ तळाशी असते, ती मुलांच्या पानात गेलेली. अंडं आणलं तर नवऱ्याला नि मुलाला. मटणाचा रस्सा बाईला, फोडी बाकीच्यांना. टाकवत नाही म्हणून मुलाने सोडलेलं तिनेच संपवायचं. या खाण्यात पोट भरतं, वजन वाढतं आणि स्नायूंना काहीही मिळत नाही. आहारतज्ज्ञ याला ‘जास्त पिष्टमय आहार’ म्हणतील. मी याला पंगतीतली बाईची जागा म्हणते.

तेव्हा ‘भात सोडा’ सांगण्यापेक्षा ‘डाळ तळातून ढवळून स्वतःच्या पानात घ्या’ हे सांगणं जास्त कठीण आणि जास्त गरजेचं आहे. आमच्या गटात आम्ही एवढंच ठरवलं : दिवसातून दोनदा मूठभर उसळ, डाळ, शेंगदाणे, अंडं किंवा मासळी बाईच्या वाट्याला आलीच पाहिजे, चहातली साखर अर्धी, आणि जेवण दुपारी एकच्या आत. एकच्या आत जेवायचं तर कामाच्या घरी डबा खाण्यापुरती दहा मिनिटं आणि बसायला जागा मागावी लागते. चारजणींनी ती मागितली. दोघींना मिळाली. एका घरी, ‘इथे नको, खाली वॉचमनच्या खोलीत बस’ म्हणून सांगितलं. लठ्ठपणावरचा उपचार कुठे कुठे जाऊन पोचतो पाहा.

२०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये लठ्ठपणाचा विषय काढून घरात तेल दहा टक्के कमी वापरायला सांगितलं. सल्ला चुकीचा नाही. पण तेलाची बाटली घरात कोणाच्या हातात असते? पुन्हा तिच्याच. भाजी बेचव झाली, तर ताट कोणाच्या अंगावर येतं? आणि आपल्याच राज्यात २०२२ च्या दिवाळीपासून सणावारी रेशनवर शंभर रुपयांत जो शिधा वाटला, त्यात रवा, चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल होतं. चणाडाळीबद्दल माझी तक्रार नाही. पण एका हाताने साखर-तेल वाटायचं आणि दुसऱ्या हाताने बाईला संयम शिकवायचा, हे बरं नाही. त्या पिशवीत साखरेऐवजी आणखी एक किलो डाळ किंवा शेंगदाणे का नसावेत, हा प्रश्न आपण विचारायला हवा होता. आम्ही तो विचारला नाही, हेही नोंदवून ठेवते.

चालण्याचंही तसंच. ‘रोज सकाळी अर्धा तास चाला’. सकाळी पाणी येतं. २०२४ च्या सरकारी वेळवापर पाहणीनुसार घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषाचा ८८ मिनिटं, तोही जे पुरुष घरात काही काम करतात त्यांचाच. शिवाय चालायचं कुठे? आमच्या वस्तीतल्या बायका टेकडीच्या पायथ्याशी राहतात आणि टेकडीवर जायला घाबरतात. दारू पिऊन बसलेली पोरं, कुत्री, अंधार. दिवसभर उभं राहून काम करतात, मग व्यायाम कशाला, असंही त्या म्हणतात, आणि दमलेल्या बाईला व्यायाम सांगताना माझी जीभही अडखळते. पण उभं राहून पाय सुजतात, स्नायू बळकट होत नाहीत. गुडघा वाचवायचा तर मांडीत ताकद हवी. आम्ही बैठकीच्या सुरुवातीला खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या डोक्यावर उचलणं सुरू केलं. पहिल्या दिवशी निम्म्याजणींना चारच्या पुढे जमेना. आता हसत हसत पंधरा होतात. याला पैसे पडत नाहीत, टेकडी लागत नाही, आणि बैठकीला यायला घरून परवानगी असतेच.

आता इंजेक्शनांकडे येते, कारण सध्या गटागटांत त्याचीच चर्चा आहे.

२०२५ मध्ये आपल्याकडे वजन उतरवणारी आठवड्याची इंजेक्शनं आली. मार्चमध्ये तिरझेपाटाइड, जूनमध्ये सेमाग्लुटाइड. भूक कमी होते, पोट भरल्याची जाणीव लवकर होते. ही पावडरच्या डब्यासारखी फसवणूक नाही. नीट चाचण्या झालेली औषधं आहेत. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत सव्वा वर्षात सरासरी पंधरा टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. हे मी मोकळेपणाने मान्य करते, कारण आपल्यातल्या काहीजणी औषध कंपनीचं नाव ऐकताच विषय मिटवतात. नव्वद-शंभर किलो वजन, मधुमेह, झोपेत श्वास अडकणं, अशा अवस्थेतल्या बाईला ‘मनाचा निग्रह कर’ सांगणं हा क्रूरपणा आहे. जाडी ही पुष्कळदा शरीराच्या भुकेच्या यंत्रणेतली गडबड असते. तिला औषध लागतं, यात कमीपणा काय?

पण १९८६ साली नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाच्या चाचण्यांविरुद्ध हैदराबादची स्त्री शक्ती संघटना आणि दिल्लीची सहेली सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा विचारलेले प्रश्न आपण विसरलेलो नाही. बाईला पूर्ण माहिती दिली का? तिची संमती खरी आहे का? दूरचे परिणाम कोण पाहणार? तेच प्रश्न इथेही विचारायचे आहेत. इंजेक्शन थांबवलं, की वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत येतं, असं सेमाग्लुटाइडच्याच अभ्यासात दिसलं. म्हणजे ते दीर्घकाळ, कदाचित जन्मभर घ्यायचं औषध आहे. चरबीबरोबर स्नायूही उतरतात. डाळीचं पाणी पिणाऱ्या बाईचे स्नायू आधीच किती, ते आपण पाहिलं. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ होतात. गरोदरपणात ते चालत नाही. सेमाग्लुटाइड मूल हवं असल्यास किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. आणि तिरझेपाटाइडमुळे तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून ते सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी मात्रा वाढवल्यावर चार आठवडे दुसरं साधन वापरायला सांगतात. ही गोष्ट प्रत्येक गटात वाचून दाखवावी, अशी माझी विनंती आहे. लग्नाआधी दोन महिन्यांत बारीक करून देतो म्हणणारी दुकानं ती सांगणार नाहीत.

किंमत तर आहेच. तिरझेपाटाइड आलं तेव्हा महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार रुपये पडत होते. पोळ्यांच्या चार घरांची मिळून तेवढी कमाई होत नाही. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती. पेटंट संपलं, की इतर कंपन्या तेच औषध करू शकतात आणि किमती उतरतात. औषध स्वस्त होणं चांगलंच. पण स्वस्त औषध आणि तपासायला कोणी नाही, ही जोडी फार धोक्याची. म्हणून माझं मत असं, की ज्यांना वैद्यकीय गरज आहे त्यांना हे औषध सरकारी रुग्णालयात, तपासण्यांसह आणि आहाराच्या मदतीसह मिळावं. वरसंशोधनासाठी निरोगी मुलीला ते टोचायला मात्र आपण ठाम विरोध करावा. पोट लहान करण्याच्या शस्त्रक्रियेलाही हाच न्याय. ती खूप जाड आणि आजारी व्यक्तींसाठी उपयोगी आहे, पण पुढे जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि तपासण्या लागतात आणि वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळावं लागतं. नातेवाइकांनी उधारीवर करून दिलेली शस्त्रक्रिया आणि नंतर गोळ्यांना पैसे नाहीत, असं होता कामा नये.

वजनवाढीचं कारणही आधी शोधायला हवं. थायरॉईड, पीसीओएस, मानसिक आजारावरच्या काही गोळ्या, स्टिरॉइड. २०१७ पासून सरकारी केंद्रांत मिळणाऱ्या ‘अंतरा’ या तीन महिन्यांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनाने काहीजणींचं वजन वाढतं. ते देताना हे सांगितलं जातं का? आमच्याकडे विचारलं, तर सहाजणींपैकी एकीलाही सांगितल्याचं आठवत नव्हतं.

आणि एक कारण असं, जे कोणत्याही तपासणीत दिसत नाही. अमेरिकेत सॅन दिएगोला डॉ. व्हिन्सेंट फेलिटी १९८० च्या दशकात लठ्ठपणावर उपचारांचा कार्यक्रम चालवत. ज्यांचं वजन झपाट्याने उतरतंय अशीच माणसं तो अचानक सोडून जायची. त्यांनी एकेकाला बसवून विचारलं, तेव्हा कळलं की कित्येकींवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाले होते. अंग मोठं असलं, की पुरुषांची नजर टळते, असं त्यांचं शरीर शिकलेलं होतं. बालपणातल्या आघातांवरचा त्यांचा मोठा अभ्यास पुढे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याची सुरुवात ही. समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या आपल्यापैकी कोणालाच हे नवीन वाटणार नाही. रात्री सगळे झोपल्यावर ओट्याशी उभं राहून खाणारी बाई आपण पाहिलेली आहे. त्याच बाईचा नवरा ‘लग्नानंतर म्हैस झाली’ म्हणून तिला चारचौघांत बोलतो, तेव्हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या ‘शाब्दिक आणि भावनिक छळा’त ते बसतं. तक्रार लिहून घेताना आपण ते वाक्य बऱ्याचदा गाळतो. ‘एवढंच ना’ वाटतं. गाळू नये.

आमच्या भागातल्या आरोग्य केंद्राला आम्ही अर्ज दिला आहे. मागण्या साध्या आहेत. वजन जास्त आहे म्हणून कोणत्याही बाईला तपासल्याशिवाय परत पाठवू नये. तिचं हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब, थायरॉईड बघावं आणि पाळीबद्दल विचारावं. वजनाचा काटा पडद्याआड ठेवावा, आकडा मोठ्याने ओरडून सांगू नये. आशाताईंनी ज्यांची कंबर मोजली त्यांच्यासाठी महिन्यातून दोनदा, दुपारी तीननंतर, कामावरून सुटलेल्या बायकांना येता येईल अशा वेळी गट घ्यावा. जागा आणि बायका आम्ही देऊ, आहारतज्ज्ञ त्यांनी पाठवावा. अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही. तुमच्या भागात असं कुठे सुरू झालं असेल, तर कसं जमवलंत ते कृपया कळवा.

पावडरच्या डब्यांचं कर्ज गटाने व्याज माफ करून हप्त्यांनी फेडून घ्यायचं ठरवलं. ती आता बैठकीला येते, खुर्चीवरून उठण्या-बसण्यात तीच सगळ्यांत पुढे आहे. मावशींना गर्भाशयात गाठी निघाल्या. औषधं आणि लोहाची इंजेक्शनं झाली, हिमोग्लोबिन अकराच्या पुढे गेलं. धाप थांबली. वजन परवा केलं तेव्हा ऐंशी होतं. केसपेपरवर ती ओळ पुन्हा लिहून मिळाली आहे, पण या वेळी तिच्याखाली आणखी चार ओळी आहेत.